‘चंद्र खाली का पडत नाही?’ : अवकाश, काळ आणि भौतिकशास्त्राच्या प्रश्नांना नीट उत्तर कसं द्यावं

अंतराळस्थानकात माणसं तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. हे उत्तर सर्रास दिलं जातं आणि ते चुकीचं आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर आपण ६,३७१ किलोमीटरवर आणि स्थानक ६,७७१ किलोमीटरवर. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. हिशेब केला तर तिथेही ते जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के भरतं. शिवाय विचारणारा जरा चिकाटीचा असेल तर लगेच अडवतो: तिथे ओढ नाही, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशाला? सरळ निघून का जात नाही?

चुकीच्या उत्तराचा खरा तोटा तो हाच. पुढच्या प्रश्नाची वाट बंद होते. म्हणून मुलांच्या, विद्यार्थ्यांच्या किंवा आकाशदर्शनाला आलेल्या मंडळींच्या प्रश्नांना उत्तर देताना एकच कसोटी लावावी: हे उत्तर विचारणाऱ्याला स्वतःच्या हाताने किंवा स्वतःच्या गणिताने पडताळून पाहता येईल का? पुढची सगळी पद्धत या कसोटीभोवती आहे.

पहिली पायरी : प्रश्नात काय गृहीत धरलंय ते शोधा

अवकाश आणि काळाविषयीच्या बहुतेक प्रश्नांच्या पोटात एक न बोललेलं गृहीत असतं. ‘चंद्र पडत का नाही?’ विचारणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की पडणं म्हणजे जमिनीवर आदळणं. ‘महास्फोट (विश्वाची सुरुवात, ‘बिग बँग’) कुठे झाला?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक रिकामी, काळोखी पोकळी असते आणि तिच्यात कुठेतरी फुटलेला बॉम्ब असतो. ‘प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या गाडीचे दिवे लावले तर?’ या प्रश्नात गाडी त्या वेगाला पोचू शकते, हे आधीच मान्य करून टाकलेलं असतं.

गृहीत बाहेर काढायला एक साधा प्रश्न पुरतो: “तुला काय वाटतं, काय व्हायला हवं?” विचारा आणि थांबा. पाच-दहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण याच वेळात समोरचा आपल्या मनातलं चित्र शब्दांत मांडत असतो. सूर मात्र परीक्षेचा नको. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्तही करू नका, कारण आता कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला कळलेलं असतं.

काही शब्दांवर कायम नजर ठेवा: वजन, पडणं, रिकामं, वर, खाली, वेळ, ऊर्जा. रोजच्या बोलण्यातला त्यांचा अर्थ आणि भौतिकशास्त्रातला अर्थ यांत फट असते, आणि निम्मे गोंधळ त्या फटीतच होतात.

दुसरी पायरी : प्रश्नाची जात ओळखा

‘किती’चा प्रश्न असेल तर आकडा द्या. ‘कसं’चा असेल तर क्रमाने काय घडतं ते सांगा. ‘का’ अवघड, कारण प्रत्येक ‘का’च्या उत्तराला पुन्हा ‘का’ लावता येतो. आकाश निळं का? हवेतले रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. ही विखुरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा नऊपटींहून जास्त विखुरतो. हुशार मूल इथे लगेच विचारणार: मग आकाश जांभळं का नाही? (सूर्यप्रकाशात जांभळा भाग कमी असतो, आणि आपले डोळेही जांभळ्यापेक्षा निळ्याला जास्त दाद देतात.) अशा साखळीत दोन ‘का’ पुरेपूर सोडवावेत आणि तिसऱ्यापाशी थांबून तो पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवावा. पाच ‘का’ अर्धवट सोडवून हाती काही लागत नाही.

चौथी जात ‘काय झालं असतं तर’ची. इथे नियम एकच: फक्त एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. ‘सूर्याचं कृष्णविवर झालं तर तो पृथ्वीला गिळेल का?’ सूर्याच्या जागी त्याच्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवा. त्याचा व्यास भरेल जेमतेम ६ किलोमीटर, पण पृथ्वीपासूनचं अंतर तेच आणि वस्तुमानही तेच, म्हणून ओढही तीच. पृथ्वी आपल्या कक्षेत फिरत राहील. सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांनी काळोख होईल आणि मग थंडी वाढत जाईल, पण गिळलं काहीच जाणार नाही. कृष्णविवर म्हणजे सगळं शोषून घेणारा पंप, हे गृहीत त्या एका हिशेबात गळून पडतं.

पडण्याचा प्रश्न, अगदी शेवटपर्यंत

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा प्रश्न हा, म्हणून तो सावकाश घेऊ.

आधी गणित. हातातून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे एका जागेवरून सरळ आडवी रेघ काढत गेलात तर ७.९ किलोमीटरवर जमीन त्या रेघेपासून ४.९ मीटर खाली गेलेली असते. पडताळा सोपा: ७,९०० चा वर्ग करा आणि त्याला पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे १,२७,४२,००० मीटरने भागा. उत्तर ४.९ येतं. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एखादी वस्तू सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवी फेकली, तर ती सेकंदात ४.९ मीटर पडते आणि जमीनही तेवढीच खाली गेलेली असते. वस्तू पडतच राहते, पण जमीन तिच्या जवळ येत नाही. उंच डोंगरावरून डागलेल्या तोफगोळ्याचं उदाहरण घेऊन न्यूटनने हाच विचार मांडला होता.

जमिनीलगत हवा आडवी येते, म्हणून उपग्रह वर नेतात. ४०० किलोमीटरवर ओढ थोडी कमी, त्यामुळे वेगही थोडा कमी, सेकंदाला ७.७ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या वेगाने पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण ९२ मिनिटांत पुरी होते. चंद्राचंही तसंच. तो पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्यापेक्षा ६० पट दूर आहे, म्हणून तिथे ओढ ६० चा वर्ग, म्हणजे ३,६०० पट कमी. ४.९ मीटरला ३,६०० ने भागा: १.३६ मिलिमीटर. चंद्र दर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो आणि त्याच सेकंदात दीड मिलिमीटरहूनही कमी पृथ्वीकडे पडतो. तो पडतोच आहे.

आता प्रयोग. आकड्यांनी पटत नाही त्यांना हा पटतो.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तळापासून ३-४ सेंटिमीटर वर ४ ते ५ मिलिमीटर व्यासाचं एक भोक पाडा. भोक गोल हवं, कडेला प्लास्टिकचे कंगोरे राहिले तर धार वाकडी पडते. भोकावर बोट ठेवून बाटली गळ्यापर्यंत भरा आणि झाकण काढूनच ठेवा. खाली बादली ठेवा. मागे गडद रंगाचं कापड टांगा आणि उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे धार चकाकते. एका हाताच्या दोन बोटांनी बाटलीचा गळा धरून ती दोन मीटर उंचीवर न्या, भोकावरचं बोट काढा, धार सुरू झाली की बाटली सोडून द्या. मोबाइलवर संथ गतीने चित्रण करा. दोन मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने दीडशेच्या वर चित्रं हाती येतात. हात सुटल्याक्षणी भोकातून पाणी यायचं थांबलेलं त्यांत स्पष्ट दिसतं.

फसतं कुठे? भोक १ मिलिमीटरचं ठेवलं तर धार फार बारीक पडते, पृष्ठताणामुळे लवकरच थेंबांत तुटते आणि पाणी थांबलं की नाही ते कळत नाही. झाकण घट्ट राहिलं तर धार आधीच आटते, आणि बघणाऱ्याला वाटतं यात काही हातचलाखी आहे. सोडताना बाटलीला गिरकी बसली तर पाणी उसळून बाहेर येतं. सगळ्यात मोठी फसगत मात्र वेगळीच असते. सोडण्याआधी बाहेर पडलेली धार बाटलीच्या पुढे खाली जात राहते, आणि बघणारे म्हणतात, “पाणी तर वाहतंय!” म्हणून आधीच सांगा: धारेकडे बघू नका, भोकाकडे बघा.

कारण सांगायला दोन वाक्यं पुरतात. बाटली हातात असते तेव्हा वरचं पाणी खालच्यावर रेलतं, आणि त्या दाबाने भोकातून धार उडते. बाटली आणि पाणी बरोबरीने पडू लागले की कोणीच कोणावर रेलत नाही. गुरुत्वाकर्षण तिथेच आहे, त्याच्यामुळेच तर बाटली पडते आहे, पण टेकू गेलेला असतो. स्थानकातल्या माणसाचंही हेच होतं. तो, त्याच्या पायाखालची फळी आणि भिंती सगळे एकत्र पडताहेत.

आकडा कसा द्यावा

‘खूप लांब’ हे उत्तर नव्हे, आणि ‘४० लाख कोटी किलोमीटर’ हेही विचारणाऱ्याच्या फारसं उपयोगाचं नाही. आकडा नेहमी प्रमाणात बसवून द्या. एक सोयीचं प्रमाण असं: १ मिलिमीटर म्हणजे १० हजार किलोमीटर. या मापाने सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होतो. पृथ्वी सव्वा मिलिमीटरचा मणी, आणि ती चेंडूपासून १५ मीटर दूर. चंद्र मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, पृथ्वीपासून पावणेचार-चार सेंटिमीटरवर. गुरू १४ मिलिमीटरची गोटी, ७८ मीटरवर. नेपच्यून ४५० मीटरवर. आणि सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच मापाने ४,००० किलोमीटरवर. चेंडू आणि मणी हातात देऊन १५ मीटर चालायला लावा. सूर्यमाला छापील चित्रात जवळजवळ दिसते ती कागदाच्या सोयीसाठी, हे त्या चालण्यात कळतं.

प्रकाशवर्षाची गफलत इतकी नेहमीची आहे की ती आधीच बोलून टाकावी. ते अंतराचं माप आहे, काळाचं नव्हे: प्रकाश एका वर्षात कापतो तेवढं अंतर. प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा आकडा १९८३ पासून मोजमापातून येत नाही, तो व्याख्येनेच पक्का केलेला आहे आणि मीटर त्यावरून ठरतो. चंद्रावरून प्रकाश यायला १.३ सेकंद लागतात, प्रॉक्झिमावरून सव्वाचार वर्षं, देवयानी या दीर्घिकेवरून (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) सुमारे २५ लाख वर्षं.

‘सूर्य केवढा आहे हे कळलं कसं?’ असा प्रश्न आला तर आकडा सांगत बसू नका, मोजायला लावा. जाड पुठ्ठ्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडा. सूर्याकडे पाठ करून पुठ्ठा धरा, भोकातून येणारा प्रकाश बरोबर दोन मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर घ्या. कागद किरणांना काटकोनात हवा, नाहीतर गोल लांबट होतो. जो ठिपका दिसतो ती सूर्याची प्रतिमा आहे, भोकाची नव्हे. खात्री करायला शेजारी तेवढंच चौकोनी भोक पाडा, ठिपका तरीही गोलच पडतो. कड धूसर असते, त्या धूसर पट्टीच्या मध्यावर माप घ्या. व्यास १८ ते १९ मिलिमीटर भरतो. दोन मीटरला त्याने भागलं की साधारण १०७ येतात. म्हणजे सूर्य त्याच्या व्यासाच्या १०७ पट दूर आहे. १४ कोटी ९६ लाख किलोमीटरला १०७ ने भागा, १४ लाख किलोमीटरच्या जवळपास उत्तर येईल. मापात एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर ५ टक्क्यांनी हलतं, हेही सांगा. भोकातून थेट सूर्याकडे कोणीही बघायचं नाही, दुर्बीण तर जवळही ठेवायची नाही. डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, त्यामुळे वेळेवर कळत नाही.

आणि अंतर कुठून आलं? असा प्रतिप्रश्न आला तर आनंद माना. ग्रहांची अंतरं एकमेकांच्या प्रमाणात आधीपासून माहीत होती. १९६१ साली शुक्रावर रडारच्या लहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी टिपता आला, आणि त्यातलं एक अंतर किलोमीटरमध्ये नेमकं मिळालं की बाकीची आपोआप मिळतात.

काळाचे प्रश्न : चौकटींचा कागद काढा

‘वेळ म्हणजे काय?’ याला तत्त्वज्ञानाकडे जाऊ न देता आधी सांगावं की घड्याळ मोजतं ती वेळ. सीझियम-१३३ च्या अणूतून निघणाऱ्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून चालू आहे. खरी मजा दुसऱ्या प्रश्नात आहे: ‘वेगात गेलं की वेळ हळू का चालते?’

याचं उत्तर एका काटकोन त्रिकोणात मावतं. एक सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद घ्या. यानात जमिनीवर एक आरसा आणि छतावर एक आरसा आहे, मध्ये प्रकाशाचा एक ठिपका वर जातो. यानातल्या माणसाला तो सरळ उभा जाताना दिसतो. कागदावर ४ सेंटिमीटरची उभी रेघ काढा. बाहेरच्या माणसाला मात्र ठिपका वर पोचेपर्यंत यान उजवीकडे सरकलेलं दिसतं. ती सरक ३ सेंटिमीटरची आडवी रेघ म्हणून काढा. आता तिरकी रेघ जोडून पट्टीने मोजा: ५ सेंटिमीटर.

इथे थांबून एक गोष्ट ठामपणे सांगायची. चालत्या गाडीत पुढे फेकलेल्या चेंडूच्या वेगात गाडीचा वेग मिळतो, प्रकाशाच्या बाबतीत तसं होत नाही. यानातला आणि बाहेरचा, दोघांनाही प्रकाशाचा वेग सारखाच मोजला जातो. हे कोणी युक्तिवादाने ठरवलेलं नाही, प्रयोगांत तसं आढळतं. हे वाक्य गाळलं तर पुढचं सगळं जादूसारखं वाटतं.

मग हिशेब असा. एकाच वेगाने जाणाऱ्या प्रकाशाने यानातल्या माणसाच्या मते ४ सेंटिमीटर कापले, बाहेरच्याच्या मते ५. म्हणून यानातलं घड्याळ ४ टोले देतं तेवढ्यात बाहेरचं ५ देतं. प्रकाश ५ जाईतो यान ३ गेलं, म्हणजे यानाचा वेग प्रकाशाच्या ६० टक्के. पाहिजे तर ७ आणि २४ चा त्रिकोण काढून बघा, कर्ण २५ येतो. वेग २८ टक्के, आणि २५ च्या जागी २४ टोले. वेग कमी केला की फरक किती झपाट्याने आटतो ते दिसतं, आणि रोजच्या प्रवासात हे का जाणवत नाही याचं उत्तरही मिळतं.

यानंतर हमखास येणाऱ्या तीन शंका. पहिली, ‘हा नुसता भास असेल.’ नाही. १९७१ साली हाफेल आणि कीटिंग यांनी सीझियमची घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. जमिनीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्यावर पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे निघाली. घड्याळं पुढे जाण्याचं कारण उंची: गुरुत्वाकर्षण जिथे क्षीण तिथे घड्याळ जलद चालतं. शिवाय पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते, म्हणून दिशेप्रमाणे वेगाचा परिणाम वेगळा पडतो. जीपीएसच्या उपग्रहांमध्ये दोन्ही परिणाम रोज भेटतात. वेगामुळे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे ४५ पुढे जातं, निव्वळ ३८ पुढे. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावरचा ठिपका बघता बघता भलतीकडे जाईल.

दुसरी शंका: ‘यानातल्याला बाहेरचं घड्याळ हळू दिसेल, मग तरुण कोण राहतं?’ वेग एकसारखा असेतो दोघांचं म्हणणं खरंच सममित असतं. जो वळून परत येतो त्याने मध्येच दिशा बदललेली असते, तिथे सममिती मोडते. आकडा देऊनच बोला: ६ प्रकाशवर्षांवरचा तारा, वेग ६० टक्के. घरी राहिलेल्याची जायला १० आणि यायला १०, अशी २० वर्षं. प्रवाशाची १६.

तिसरी शंका अंतराळवीरांची. स्थानकात सहा महिने राहिलेला माणूस आपल्यापेक्षा साधारण ४ ते ५ मिलिसेकंदांनी कमी वयाचा होऊन परत येतो. हा आकडा लहान आहे म्हणून टाळू नका, तो खरा असल्यानेच लोकांना आवडतो.

उपमा वापरा, पण ती कुठे तुटते तेही सांगा

‘महास्फोट कुठे झाला?’ यासाठी रबराची पट्टी उत्तम. २ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर लांब पट्टी घ्या, तिच्यावर दर २ सेंटिमीटरवर कागदाचा छोटा तुकडा चिकटवा. पेनाने ठिपके काढू नका, ताणल्यावर शाई पसरून ठिपकेही मोठे होतात आणि दीर्घिकाही फुगताहेत असा चुकीचा समज होतो. पट्टी दुप्पट ताणा. कोणताही एक तुकडा ‘आपण’ समजा. शेजारचा २ वरून ४ वर गेला, त्यापलीकडचा ४ वरून ८ वर. जो जास्त दूर तो जास्त सरकला. आता दुसरा तुकडा ‘आपण’ समजून मोजा, तेच दिसेल. प्रत्येकाला आपणच मध्यावर असल्यासारखं वाटतं. १९२९ मध्ये हबलने दीर्घिकांबाबत दाखवलेला नियम हाच.

पट्टी तुटते कुठे? तिला दोन टोकं आणि मध्य आहे. विश्वाला असा मध्य आढळलेला नाही. पट्टी आपल्या खोलीत ताणली जाते, विश्व दुसऱ्या कशात ताणलं जातं असं म्हणायला आधार नाही. म्हणून ‘कुठे’चं उत्तर: सगळीकडे, १,३८० कोटी वर्षांपूर्वी. तुम्ही उभे आहात तिथेही. त्यानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही प्रत्येक दिशेने येतो. तो १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या रेडिओ अँटेनात सततच्या खरखरीच्या रूपात सापडल्याचं जाहीर झालं.

ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवून गुरुत्वाकर्षण समजावण्याची पद्धत मात्र जपून वापरा. चादर खाली वाकते ती पृथ्वीच्या ओढीनेच, म्हणजे जे समजवायचं तेच आधी वापरून झालं. शिवाय वाकण्यात काळाचा वाटा दाखवता येत नाही, आणि रोजच्या पडण्यात तर वाटा मुख्यतः त्याचाच असतो. कक्षेचा आकार दाखवण्यापुरती ती ठीक आहे, कारण सांगायला नाही.

‘माहीत नाही’ दोन प्रकारचं असतं

‘मला माहीत नाही’ आणि ‘अजून कोणालाच माहीत नाही’ ही वाक्यं कधीही मिसळू नका. पहिलं असेल तर प्रश्न लिहून घ्या, उत्तर केव्हा देणार ते सांगा आणि त्या दिवशी द्या. दुसरं असेल तर सीमा कुठे आहे ते नेमकं दाखवा. विश्वातल्या एकूण ऊर्जेत साधं पदार्थद्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण ओढ असलेलं द्रव्य) २७ टक्के, कृष्णऊर्जा (विश्वाचं ताणलं जाणं वेगावणारी ऊर्जा) ६८ टक्के. कृष्णद्रव्य आहे हे दीर्घिकांच्या फिरण्यावरून आणि प्रकाशाच्या वाकण्यावरून कळतं, ते कशाचं बनलंय ते कळलेलं नाही. ‘आहे’चा पुरावा आणि ‘काय आहे’चा शोध यांतला फरक दहा वर्षांच्या मुलालाही समजतो.

उत्तर पोचलं का ते कसं बघावं

‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी तोच प्रश्न थोडा वळवून परत द्या. बाटलीचा प्रयोग झाला असेल तर विचारा: बाटली वर फेकली तर, वर जाताना पाणी येईल का? प्रत्येकाला अंदाज कागदावर लिहायला लावा. बहुतेक जण लिहितात की वर जाताना येईल आणि खाली येताना थांबेल. मग मोकळ्या जागेत जा, बाटली दोन्ही हातांनी खालून धरून गिरकी न देता दोन-तीन मीटर वर फेका आणि झेला. हातातून सुटल्यापासून झेलेपर्यंत भोकातून पाणी येत नाही. वर जाताना नाही, माथ्यावर नाही, खाली येतानाही नाही. हात सुटताक्षणी बाटली आणि पाणी यांच्यावर एकच ओढ चालू असते, वेगाची दिशा कोणती याने फरक पडत नाही.

इथे कोणीतरी विचारतंच, ‘आणि आडवी फेकली तर?’ तरीही तेच. मग त्यांनाच ७.९ चा आकडा आठवू द्या. तेवढ्या वेगाने आडवी फेकलेल्या आणि वाटेत हवा आडवी न आलेल्या बाटलीतून पाण्याचा थेंबही गळणार नाही, आणि दीड तासाच्या आत ती मागच्या बाजूने परत आलेली असेल.